आलेल्या क्रमाने

—कधी कळलं ते सांगते ना, डॉक्टर. सांगणारच आहे. पण नुसती तारीख लिहून घेऊन तुम्ही काय करणार? काल चौकशीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी तारखाच लिहून घेतल्या, आणि लिस्ट म्हणजे काय हे एकालाही माहीत नव्हतं — तुम्हालाही नव्हतं, राग मानू नका, तुम्ही मान डोलावत होतात तेव्हाच मी ओळखलं. चाळीस वर्षं लोकांची हाडं जोडलीत तुम्ही, तुम्हाला काय करायचंय आमच्या लिस्टशी. पण आता अहवाल तुम्ही लिहिणार, आणि त्यात शेवटी एक ओळ येणार — चूक कोणाची. त्या ओळीत माझं नाव येतं की माझ्या बहिणीचं, एवढंच उरलंय. बावीस वर्षं काढलीत मी हॉस्पिटलच्या या तळघरात, संगणकाचे प्रोग्राम लिहीत. त्या खुर्चीवर नका बसू, ती मागे जाते — ही घ्या. चहा सांगितलाय, येईल.

आधी काय झालं ते सरळ सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. डोळ्यांच्या विभागात बुबुळ बदलायच्या ऑपरेशनची रांग आहे. बुबुळं काही दुकानात मिळत नाहीत, कोणीतरी जाताना देऊन गेलं तर मिळतात, म्हणून रांग. आठवड्याला तीन ऑपरेशनं, रांगेत दीडशे माणसं, म्हणजे वर्षभर थांबायचं. नाव नोंदवलं की तुम्ही शेवटी, पुढची माणसं कमी होत जातात, तुम्ही पुढे सरकता — साधी गोष्ट. त्या रांगेत एक सुतार होते. उजव्या डोळ्याचं बुबुळ खराब झालेलं. अकरा महिने थांबले, चौथ्या नंबरवर आले. त्यांची मुलगी दर सोमवारी फोन करून नंबर विचारायची आणि बापाच्या त्या चपट्या पेन्सिलीने कार्डामागे लिहून ठेवायची. चार लिहिला. पुढच्या सोमवारी फोन केला — एकशे एकेचाळीस. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, नवीन स्क्रीन आलाय, हा नुसता अनुक्रमांक आहे, खरा नंबर आतल्या सिस्टीममध्ये असतो, काळजी करू नका. मग एकशे त्रेचाळीस, एकशे चाळीस, एकशे चव्वेचाळीस — पाच महिन्यांचे सोमवार आहेत त्या कार्डावर, तुम्ही पाहिलंत. मग डोळ्याला जखम झाली, ती चिघळली, आणि डोळा काढावा लागला. आता बुबुळ मिळून उपयोग नाही. ज्या हाताने ते लाकडावर रेघ मारायचे ना, तो हात आता फळीच्या बाहेर जातो, असं मुलगी म्हणाली.

आणि खरा नंबर आतल्या सिस्टीममध्ये असतो हे काही खोटं नव्हतं बरं का. आत म्हणजे इथे. माझ्या कोडमध्ये, म्हणजे संगणकाला मी लिहून दिलेल्या हुकमांमध्ये. तिथेच तो बिघडला होता. कसा, ते समजून घ्यायचं तर तुम्हाला माझ्या आईच्या शिवणखोलीत यावं लागेल — हसू नका, मी धाकटीला तिथेच शिकवलं सगळं, तुम्हालाही तिथूनच सांगते.

आई कपडे शिवायची. पुढची खोली दुकान, मागची शिवणखोली, मध्ये पडदा. शिवणखोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एक लोखंडी दांडी होती. कापड आलं की चिठ्ठी टाचून दांडीच्या डाव्या टोकाला लावायचं, आणि शिवायला घ्यायचं ते उजव्या टोकाचं. आलेल्या क्रमाने. ही झाली लिस्ट. एकामागे एक, क्रम महत्त्वाचा, एकाच बाईचे दोन झगे असले तरी दोन्ही लागतात. दुसरी गोष्ट, बटणांचा डबा — नमुन्याचा. त्यात प्रत्येक जातीचं एकच बटण. तसलंच दुसरं आलं की आई म्हणायची, हे आहे आपल्याकडे, आणि बाजूला टाकायची. क्रम काही नाही, डबा हलवला की सगळी इकडची तिकडे, पण दोनदा काही नाही. आम्ही त्याला सेट म्हणतो. आणि तिसरी, मापांची वही. बाईंचं नाव सांगा, माप काढून देते. पहिल्या पानापासून वाचत बसायचं नाही, नावावर बोट ठेवायचं की माप हजर. तो मॅप. झालं, एवढंच असतं हो. लोक मोठमोठी पुस्तकं लिहितात यावर. धाकटी दोनदा परीक्षेत नापास झाली त्या पुस्तकांनी. घरी येऊन रडली, म्हणाली ताई, माझ्या डोक्यात शिरत नाही — मी तिला हाताला धरून शिवणखोलीत नेलं आणि दुपारभरात तीनही शिकवले. तिसऱ्यांदा पास झाली. माझं लग्न मी तिच्यासाठी दोन वर्षं पुढे ढकललं होतं, ते जाऊ दे, त्याचा इथे संबंध नाही.

संबंध कशाचा आहे सांगू? पडद्याचा. गिऱ्हाईक बायका यायच्या, माझा कपडा कितवा आहे? आई त्यांना पडद्याच्या आत येऊ द्यायची नाही. आत जायची, दांडी बघून यायची, सांगायची — सातवा. फारच मागे लागल्या तर कागदावर सगळी नावं ओळीने लिहून आणून दाखवायची, घ्या, बघा. त्या कागदाचं तुम्ही काहीही करा. चुरगळा, उलटा लिहा, त्यावर हिशेब करा — दांडीला काही होत नाही. क्लास म्हणतात आमच्याकडे तो हाच. आत दांडी, बाहेर दुकान, मध्ये पडदा. बाहेरच्याने विचारायचं, आतल्याने सांगायचं. बाहेर द्यायची ती कॉपी, दांडी नाही. प्रतीक्षायादीचा क्लास मी सोळा वर्षांपूर्वी लिहिला. सोळा वर्षं एक चूक नाही. लॅब मागते, तिला कॉपी. ऑपरेशनवाले मागतात, त्यांना तर नुसतं एकच नाव, पुढचं कोण, एवढंच बटण आहे त्यांच्याकडे. सगळ्यांना पडद्याच्या बाहेर ठेवलं मी.

फक्त तिला नाही. लिहा, लिहून घ्या, हे मी कालही कबूल केलंय. तिला मी दांडी दिली. धाकटीला मीच इथे लावलं सहा वर्षांपूर्वी, समोरचं ते टेबल तिचं, आता रिकामं दिसतंय ना, ते. तिच्याकडे रिसेप्शनचा नवीन स्क्रीन होता. दर दोन मिनिटांनी स्क्रीन नव्याने भरायचा, दर वेळी दीडशे माणसांची, त्यांच्या सगळ्या कागदांसकट कॉपी काढायची, जुनं मशीन, दम लागायचा त्याला. ती म्हणाली, ताई, मला कॉपी कशाला देतेस, मी काय परकी आहे? मी म्हटलं, घे. खरी लिस्ट देते, फक्त वाचायची — हात लावायचा नाही. अगदी हेच शब्द. त्या टेबलाशी उभी होते, हातात तिचा जेवणाचा डबा होता, मी तिच्यासाठी डबा आणायचे ना रोज. ती म्हणाली, हो गं बाई. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, डॉक्टर, सगळं या गोष्टीवर आहे. आमच्याकडे एखादी वस्तू कोणाला दिली म्हणजे उचलून दिली असं नसतं. ती कुठे आहे ते सांगितलं, एवढंच. तिच्याकडे एक लिस्ट आणि माझ्याकडे एक, असं नाही. लिस्ट एकच, दांडी एकच, आम्ही दोघी तिच्याकडे बोट दाखवतोय. तिने तिथे काही हलवलं तर माझ्याकडे हललं. तिला हे ठाऊक होतं. पहिल्याच दुपारी शिकवलं होतं, आईच्या दांडीवरचे दोन कपडे अदलाबदल करून दाखवले होते, आणि आईने आम्हा दोघींना झापलं होतं.

मग रिसेप्शनच्या बाईंनी तिला सांगितलं, नावं शोधायला त्रास होतो, अ-आ-इ-ई अशी लावून द्या. मागणी काही चुकीची नव्हती. तिने एक ओळ लिहिली. सॉर्ट. नावाने लाव. स्वतःच्या स्क्रीनपुरती, तिच्या मते. पण हातात कागद नव्हता, दांडी होती. रोज सकाळी आठ वाजता रिसेप्शनचा स्क्रीन उघडायचा आणि आत, माझ्या पडद्याच्या आत, सगळी रांग बाराखडीने लागायची. वर्षभर थांबलेले आणि काल आलेले सगळे एक. ऑपरेशनवाले बटण दाबायचे, पुढचं कोण — अ. परत दाबलं, आ. नवीन कोणी अ-वाला आला की थेट पुढे. आणि ज्याचं आडनाव ह-वरून, तो बसला भिंतीला टेकून. सुतारांचं ह-वरून आहे. त्यांचं काहीच चुकलं नाही हो, फोन केले, तपासण्या केल्या, ऑपरेशन रद्द व्हायला नको म्हणून सर्दीची गोळीसुद्धा विचारून घेतली त्या माणसाने.

चहा घ्या. साखर त्या बाटलीत आहे — कॉफीचं नाव आहे बाटलीवर, पण आत साखर आहे.

काल तिने काय केलं ते तुम्ही पाहिलंत. पण तुम्हाला नुसते शब्द ऐकू आले, मला बाकीचंही दिसत होतं. वरच्या मीटिंगच्या खोलीत गारठा, ती म्हणाली ताई, थंडी वाजतेय गं, मी माझा स्वेटर काढून दिला. तो घालून बसली. अध्यक्षांनी विचारलं, खरी लिस्ट तुम्हाला कोणी दिली? — ताईने. बरोबर, खरं आहे. मग विचारलं, तिला हात लावायचा नाही असं तुम्हाला सांगितलं होतं? आणि ती म्हणाली — नाही, असं कोणी सांगितलं नव्हतं. बाह्या बोटांवर ओढून घेतल्या होत्या तिने, माझ्याच स्वेटरच्या, आणि टेबलाकडे बघत म्हणाली. कोणी सांगितलं नव्हतं. ताईने, असंही नाही म्हणाली. कोणी. मी काय पुरावा देणार? डबा हातात धरून बोललेलं वाक्य कुठे लिहून ठेवतं माणूस? बहिणीला काय कोणी पत्र देतं का, की सदर लिस्टला स्पर्श करू नये? केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी नुसतं ऐकून होते.

नाही, मी रडत नाहीये. इथे खाली धूळ फार आहे.

आणि तेवढंच असतं तरी मी सोसलं असतं. घाबरली, म्हणून बोलली, म्हणून सोडून दिलं असतं — लहान आहे माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी, तिचं ते घर, ते सगळं. पण दुसरी गोष्ट आहे, ती तुम्ही अहवालात ठळक लिहा. आमच्याकडे कोडमध्ये जो कोणी काही बदलतो त्याची नोंद राहते. कोणी, कधी, काय आणि का, असं सगळं. ही बघा — स्क्रीन जरा तिकडे फिरवते — ही ओळ. तिची. सुतारांचा डोळा जायच्या सहा आठवडे आधीची. तिने तिची चूक ओळखली होती, डॉक्टर. एक ओळ घातली, आधी कॉपी काढ आणि मग सॉर्ट कर. बरोबर दुरुस्ती आहे, मीसुद्धा हीच केली असती. आणि कारण काय लिहिलंय ते वाचा. किरकोळ दुरुस्ती. दीडशे माणसांची रांग साडेतीन महिने उलटीपालटी, आणि किरकोळ दुरुस्ती. कोणाला सांगितलं नाही, मला नाही, डोळ्यांच्या विभागाला नाही. मूग गिळून बसली.

तुम्ही म्हणाल, दुरुस्त केलं ना मग. नाही केलं. इथेच तर खरी मेख आहे. दांडीला हात लावणं थांबवलं तिने, पण दांडीवरचे कपडे जसे लागले होते तसेच राहिले. बाराखडीनेच. नवीन येणारे आता नीट शेवटी लागायला लागले, पण आधीचे? सुतार तिथेच, भिंतीपाशी. प्रत्येकाच्या कागदात नोंदणीची तारीख आहे, तारखेने एकदा लावायची होती, पाच मिनिटांचं काम, पहिला फोन त्यांनाच गेला असता. सहा आठवडे होते हातात. डोळा वाचला असता, डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं. पण तारखेने लावली असती तर सगळ्यांना दिसलं असतं की क्रम बिघडला होता, मग का बिघडला, कोणी बिघडवला. म्हणून नाही लावली. यात माझा काय दोष आहे तुम्हीच सांगा. दांडी मी दिली, मान्य, तेवढं माझ्या नावावर लिहा. बाकीचं तिच्या नावावर लिहा, ते तिचंच आहे.

ही नोंद मी कधी पाहिली? पाहिली म्हणजे — आता मीटिंगच्या आधी सगळं काढलं तेव्हा. असं कालही सांगितलं मी. सगळ्या नोंदी काढल्या, त्यात दिसली, रविवारची, सकाळी नऊ वीसची. रविवारी कोणी कामावर येत नाही, म्हणून तर ती लक्षात राहिली, मी म्हटलंसुद्धा मनात, ही आज हॉस्पिटलात काय करतेय, आईजवळ बसायची पाळी तर माझी—

नाही, आई ठीक आहे आता. इथेच होती, तिसऱ्या मजल्यावर. डोळ्याचंच. ते यात कशाला घेताय? आई इथे होती म्हणून ती रविवारी इथे होती, एवढाच त्याचा अर्थ, आईला दूध देऊन ती खाली आली असेल आणि— हो, बुबुळच. तेच ऑपरेशन. शनिवारी झालं. आईचे डोळे दोन वर्षांपासून अधू झाले होते, सुईत दोरा ओवता येईना तिला, शेजारणीकडे जायची सुई घेऊन. एवढी शिवणारी बाई, आणि दोरा ओवून द्या म्हणून दार वाजवायची. पण ऐकायची नाही, तपासायला तयारच होईना, शेवटी आम्ही दोघींनी धरून आणलं, नाव नोंदवलं. नोंदवलं कधी? त्याच्या आधी. आधीच्या शुक्रवारी, बहुतेक.

हो. आठ दिवस.

तुम्ही बोटं मोजू नका हो माझ्यासमोर. मला येतं मोजता. वर्षभराची रांग आणि आठ दिवस. आईचं आडनाव आ-वरून आहे. माझंही तेच होतं लग्नाआधी. शेजारीपाजारी म्हणाले, दोन दोन मुली आत आहेत, वशिला लावला असणार — आम्ही काही लावला नव्हता, एक फोन केला नव्हता कोणाला, शपथेवर सांगते. गुरुवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरून फोन आला, तुमच्या आईचा नंबर लागलाय, शनिवारी घेऊन या. मी म्हटलं, नक्की? त्या म्हणाल्या, सिस्टीमने दिलाय. सिस्टीमने. माझ्या सिस्टीमने.

आता तुम्ही मला सांगा, डॉक्टर, सोळा वर्षं तो क्लास माझ्या हाताखालचा. मी उघडून बघणार नाही का? सहज म्हणून उघडला. नुसतं वरून खाली वाचायचं, दुसरं काही करायचं नव्हतं — अ, आ, आ, इ, क. शाळेतल्या हजेरीपटासारखा. ज्याला वाचता येतं त्या कोणालाही कळलं असतं, मग मला तर... समोर धाकटी बसली होती, त्या टेबलावर. ती माझ्याकडे बघतही नव्हती, कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसली होती, आणि मला कळलं की तिनेही आत्ताच उघडून पाहिलंय. तिला पण फोन आला होता ना आईच्या नंबरचा. मी काही बोलले नाही. ती काही बोलली नाही. पाच वाजता तिने संगणक बंद केला, म्हणाली, शनिवारी आईला मी आणते, तू सरळ इकडे ये. मी म्हटलं, बरं.

एकच ऑपरेशन, असं म्हटलं मी मनाशी. आईचं एक होऊ दे, सोमवारी सांगते. शनिवारी आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो, दीड तास, गुडघ्याला गुडघा लागलेला, आणि जगभरच्या गप्पा मारल्या, पडद्यांच्या, तिच्या सासूच्या. याबद्दल अवाक्षर नाही. रविवारी आईकडे निघायच्या आधी मी घरून नोंद पाहिली तिची. हो, रविवारीच पाहिली, काल खोटं बोलले मी, लिहा. किरकोळ दुरुस्ती. मला काय हलकं वाटलं म्हणून सांगू — म्हटलं, झालं, पोरीने निस्तरलं, आता तारखेनेही लावलं असेल तिने. बघितलं नाही मी लावलं का ते. तिला वाटलं असेल ताई लावेल. सोमवारी ती म्हणाली नाही, मी विचारलं नाही, मंगळवारी आईचे थेंब, बुधवारी तपासणी, मग ते राहूनच गेलं. सहा आठवडे आम्ही दोघी समोरासमोर बसून डबा खाल्ला. म्हणून म्हणते, काल तिने जे केलं त्याला काय म्हणायचं तुम्ही मला सांगा — आम्ही दोघी बरोबर गप्प बसलो होतो, आणि ती एकटी उठून गेली, माझा स्वेटर घालून. मी तर आईचं नाव काढलं नाही तिथे. तिच्यासाठीच नाही काढलं. काढलं असतं तर दोघी अडकलो असतो. तिने आधीच ठरवलं होतं की एकीनेच अडकायचं, आणि ती मी.

नाही, तो प्रश्न विचारू नका.

विचारलाच आहे तुम्ही. बरं. तारखेने लावून पाहिली होती का. हो. गुरुवारीच. माझ्या मशीनवर, कॉपी काढून — सवय जात नाही, बघा, तेव्हाही कॉपीच काढली मी. तारखेने लाव म्हटलं. दीडशे नावं, क्षणभरही लागत नाही. आई शेवटून दहावी. आणि सगळ्यात वर ह-वरून एक आडनाव, त्याच्यापुढे व्यवसाय लिहिलेला होता, सुतारकाम, आणि मुलीचा फोन नंबर. मी तो नंबर वाचला. खिडकी बंद केली.

शनिवारी आत नेताना आईने माझा हात धरला होता. तिला दिसत नव्हतं नीट, चेहऱ्यावरून हात फिरवून बघितलं तिने, मी आहे की धाकटी. मग हळूच विचारलं, माझाच नंबर होता ना गं? कोणाला मागे टाकून नाही ना घेतलंत मला? धाकटी पायाशी उभी होती, चादर सारखी करत. थांबली ती, माझ्याकडे बघितलं. काय सांगते ताई, ते बघत होती. मी म्हटलं, तुझाच नंबर होता, आई. आलेल्या क्रमाने.

आता ती सुई स्वतः ओवते. परवा मला दाखवली, खिडकीपाशी धरून.

पेन का ठेवलंत खाली? तुम्हाला तारीख हवी होती ना, घ्या — गुरुवार. शनिवारच्या आधीचा गुरुवार, दुपारचे तीन. तेव्हा कळलं मला. हवं तिथे लिहा, हवं त्याच्या नावावर लिहा. फक्त अहवालाची प्रत घरी पाठवू नका कोणाच्या, टपाल आई उघडते आता. चला, निघा तुम्ही. चहा राहू दे तसाच. आणि जाताना तो दिवा मालवा, त्या टेबलावरचा.